झाडू हातात घेऊन बोलणारा माणूस

डिसेंबर आला की आमच्या नागपुरात भाषणांचा पूर येतो. हिवाळी अधिवेशन असतं ना! विधानभवनात मंत्री-आमदार बोलतात आणि बाहेर रस्त्यावर मोर्चेकरी बोलतात. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, पोलिसांनी अडवलं की तिथेच ठाण मांडून भाषणं सुरू होतात. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शिक्षक, शेतकरी सगळे येतात. नुसते माईक आणि भोंगे! पण जानेवारीत कुणाला विचारून बघा, कोण काय बोललं ते आठवतं का? संक्रांतीला कुणाकडून काय वाण आलं ते आपण बरोबर सांगू, पण भाषणातलं एक वाक्य सांगता यायचं नाही.

याच महिन्यात, २० तारखेला, संत गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. बाबा गेले १९५६ साली. त्यांचं कीर्तन ऐकलेली म्हातारी माणसं आमच्या विदर्भात अगदी आत्ता-आत्तापर्यंत भेटायची. बचत गटांच्या निमित्ताने मी खेड्यापाड्यांतून फिरते, तेव्हा अशी दोन-चार माणसं मलाही भेटली. कालचं जेवण त्यांना आठवत नव्हतं, पण बाबांनी कीर्तनात काय विचारलं होतं ते ती हातवारे करून सांगायची. मला या गोष्टीचं फार नवल वाटायचं. शाळेची पायरी न चढलेला, अंगावर चिंध्या घातलेला हा माणूस असं काय बोलत होता, की सत्तर वर्षांनंतरही ते पुसलं गेलं नाही?

मी काही अभ्यासक नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून थोडंफार सामाजिक काम करणारी बाई आहे. पण आमच्या गटातल्या बायका हिशेबात एक पैशाची चूक करत नाहीत आणि माईक पुढे आला की ताई, तुम्हीच बोला म्हणून मागे सरतात. त्यांच्यासाठी म्हणून मी बाबांचं चरित्र पुन्हा एकदा वाचायला घेतलं. वाचताना जे जाणवलं तेच तुम्हाला सांगते.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परिटाचं घर. मूळ नाव डेबूजी, आडनाव जानोरकर. वडील झिंगराजी, आई सखुबाई. वडील दारूपायी अकाली गेले. डेबू तेव्हा लहान होता. सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथे मामाच्या घरी डेबू गुरं राखायचा, औत हाकायचा, पडेल ते काम करायचा. शाळा नव्हतीच. नाद एकच, भजनाचा. रात्री गावात भजन असलं की हा दिवसभर राबलेला पोरगा हजर!

मग घरावर दुसरा घाव पडला. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला आणि सोन्यासारखं शेत गेलं. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरणा डेबूजी त्यांना आडवा आला.

दारू आणि अंगठा. पुढे पन्नास वर्षं बाबा कीर्तनात जे जे बोलले, त्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे. दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला. हे त्यांनी कुठल्या पोथीतून उचललं नव्हतं, त्यांच्या घरातच ते घडलेलं होतं.

त्यांचं पहिलं धाडस मात्र बोलण्याचं नव्हतं, पंगतीचं होतं. कुंताबाईंशी लग्न झालं, मुलगी झाली, बारसं आलं. त्या काळी त्यांच्या समाजात बारशाला मटण आणि दारूची पंगत द्यायचीच, अशी रीत होती. कर्ज झालं तरी चालेल, पण रीत मोडायची नाही! डेबूजींनी ती मोडली. पाहुण्यांना गोडाचं जेवण वाढलं. जातीतली माणसं नाराज झाली, रुसली. मैत्रिणींनो, आपल्या घरात साधी तेरवी छोटी करायची म्हटलं तर काय होतं ते आठवून बघा. सासरची, माहेरची, भाऊबंद सगळे उभे राहतात. लोक काय म्हणतील हा प्रश्न तेव्हाही होताच. डेबूजींनी तो पानावर बसलेल्या पाहुण्यांसमोरच निकालात काढला.

१९०५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. म्हातारी आई, बायको, लेकरं मागे ठेवून ते निघून गेले.

इथे मी दर वेळी थांबते. चरित्रकार पटकन पुढे जातात, बाईला तसं जाता येत नाही. कुंताबाईंचं काय झालं असेल? पदरात लेकरं, दारात म्हातारी सासू आणि नवरा जगाचा झालेला. पुढे बाबांनी मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या, पण त्यातलं आपल्या घरच्यांना काही मिळू दिलं नाही. घरच्यांनी आयुष्य गरिबीतच काढलं. बाबांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, पण त्या मोठेपणाची किंमत घरातल्या बायकांनीही मोजली, हे लिहून ठेवायलाच हवं. आपल्या कामाशी त्याचा संबंध आहे, तो पुढे सांगते.

बारा वर्षं ते गावोगाव भटकत राहिले. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, डोक्यावर मातीचं गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात झाडू. भूक लागली की त्याच गाडग्यात भाकरी मागून खायची. लोक कुणी चिंधेबुवा म्हणायचे, कुणी गोधडेबुवा, कुणी गाडगेबुवा. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. देवळापुढचा उकिरडा, गटार, रस्ता, काही सोडायचे नाहीत. गावकऱ्यांना आधी वेडा वाटायचा, मग लाज वाटायची, मग एकेक जण झाडू घेऊन बाहेर यायचा. आणि संध्याकाळी हाच माणूस कीर्तनाला उभा राहायचा!

कीर्तन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पागोटं, उपरणं, पेटी-तबला, पूर्वरंग-उत्तररंग, संस्कृत श्लोक, मग आख्यान. शेवटी आरती, बुवांच्या पायावर डोकं आणि ताटात दक्षिणा. बाबांनी यातलं बहुतेक सगळं बाजूला ठेवलं. संतांचे अभंग घ्यायचे, गोपालाचा गजर करायचा आणि बाकी सारं आपल्या वऱ्हाडी बोलीत. गावातली बाई विहिरीवर जसं बोलते, तसं बोलायचं. हजारो माणसांसमोर अडाणी ठरण्याची भीती त्यांनी कधी बाळगली नाही. उलट आपण अडाणी आहोत हे ते आधीच सांगून टाकायचे. आपण मात्र माईक हातात आला की घरची भाषा लपवतो, पुस्तकी शब्द आठवत बसतो आणि मधेच अडकतो.

त्यांची खरी करामत होती प्रश्नात. ते सांगत नसत, विचारत. देवाला नवस बोलता का? लोक हो म्हणायचे. बकरं कापता का? हो. मग ते बकरं देव खातो की तुम्ही? इथे हशा पिकायचा. ते बकरंही देवाचंच लेकरू ना, मग बाप आपलं लेकरू खाईल का? इथे हसू बंद व्हायचं. बाबा पुढे बोलायचे नाहीत, उत्तराची वाट पाहायचे.

हे वाट पाहणं किती अवघड असतं, ते ज्याला चार माणसांसमोर बोलायची सवय आहे त्यालाच कळेल. प्रश्न विचारला आणि समोरून कुणी हूं की चूं केलं नाही तर? कुणी उलटंच बोललं तर? कुणी उठून निघून गेलं तर? म्हणून बहुतेक वक्ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. बाबा लोकांवर सोडायचे. सोपे सोपे प्रश्न विचारत एकेक पायरी चढवायचे आणि शेवटच्या पायरीवर माणसाला स्वतःच्याच तोंडून कबूल करायला लावायचे. मला वाटतं, म्हाताऱ्या माणसांना ते कीर्तन का आठवायचं याचं उत्तर इथे आहे. दुसऱ्याने दिलेलं उत्तर आपण विसरतो, पण चारचौघांत आपल्या तोंडून निघालेलं उत्तर कसं विसरणार?

आणि विषय तरी कसले निवडायचे! ज्या जत्रेत बकरी कापली जातात तिथेच जाऊन ते बळी देऊ नका म्हणायचे. लग्नात कर्ज काढणाऱ्यांसमोर कर्जाचा हिशेब मांडायचे. शिवाशिव पाळणाऱ्या गावात सगळ्यांना एका पंगतीत बसवायचे. सत्यनारायणाच्या पोथीतली बुडालेली नाव प्रसादाने वर येते, तर महायुद्धात बुडालेली जहाजं वर काढायला हीच पूजा का घालत नाहीत, असं घरोघरी पूजा घालणाऱ्या लोकांनाच विचारायचे. तुमच्यापैकी काही जणींना हे आजही आवडणार नाही. आमच्या घरीही सत्यनारायण होतो. पण ज्याला टाळ्याच हव्या आहेत तो हा प्रश्न विचारायला जाणार नाही, एवढं तर आपल्याला कळतं. लोकांना आवडेल ते बोलायचं सोडून त्यांना टोचेल ते बोलायचे, आणि तरीही लोक चार-चार कोसांवरून चालत यायचे. पंढरपूरच्या वाळवंटात तर माणसांचा समुद्र जमायचा.

टोचूनही लोक का ऐकून घ्यायचे? कारण या माणसाला आपल्याकडून काही नको आहे, हे त्यांना दिसत होतं. पाया पडायला कुणी वाकलं तर बाबा काठी उगारायचे. कीर्तन संपलं की गर्दी पायाशी यायच्या आत अंधारात निघून जायचे. त्यांनी शिष्य केले नाहीत, आपला मठ केला नाही. पैसा मागितला तो धर्मशाळांसाठी, सदावर्तांसाठी, शाळांसाठी. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला घाट बांधला. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आणि एवढ्या इमारतींच्या धन्याचं स्वतःचं जेवण तेच, गाडग्यातली भाकरी!

१९२३ सालची एक गोष्ट सांगतात. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू होतं आणि मुलगा गोविंद गेल्याचा निरोप आला. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. संतांच्या वैराग्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मी आई आहे, मला ती ऐकवत नाही. मला त्या रात्रीच्या कुंताबाई दिसतात.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचं चरित्र लिहिलं. गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्यासोबत फिरले आणि त्यांनीही पुढे बाबांवर लिहिलं. १९७७ साली आलेला देवकीनंदन गोपाला हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिला असेल. डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबा उभे केले. बाबांनी स्वतः मात्र काहीही लिहून ठेवलं नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी कीर्तन केलं, त्याचं ध्वनिमुद्रण राहिलं आहे. ऐंशी वर्षांचा थकलेला माणूस त्यातही प्रश्नच विचारतो आहे आणि लोक उत्तरं देत आहेत.

ते साल आम्ही नागपूरकर विसरू शकत नाही. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला ते गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीत त्यांची समाधी आहे.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. बाबांनी धाडस केलं, पण ते करायला त्यांना घर सोडता आलं. आपल्याला ते घरात राहून करायचं आहे. ज्या जेठाच्या समोर ग्रामसभेत बोलायचं, त्यालाच संध्याकाळी पोळ्या करून वाढायच्या आहेत. ज्या दुकानदाराबद्दल बोलायचं, त्याच्याकडेच महिन्याची उधारी आहे. त्यामुळे बाई बोलत नाही तेव्हा तिला बोलता येत नाही असं समजू नका. बोलण्याची किंमत काय पडेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना अर्ध्या जागा आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. पण अजूनही कितीतरी गावांत सही बाईची असते आणि बोलतात सरपंचपती. अशाच एका गावातली, आमच्या नागपूर जिल्ह्यातली, एक बाई मला आठवते. शेतमजुरी करणारी, चौथीपर्यंत शिकलेली. शाळेजवळ दारू विकली जायची. ग्रामसभेत ती उभी राहिली आणि तिने भाषण केलंच नाही. इथे बसलेल्या पुरुषांपैकी कोण कोण दारू पितं, हात वर करा, एवढंच म्हणाली. एकही हात वर झाला नाही. मग ती म्हणाली, गावात कुणी पीतच नाही तर दुकान कुणासाठी चालू ठेवायचं? बंद करू या की!

आधी बायका हसल्या, मग पुरुषही हसले. ठराव झाला. त्या बाईने बाबांचं कीर्तन कधी ऐकलं नव्हतं, पण रीत तीच होती. सगळं गोडीत झालं असं मात्र नाही. तिचा नवरा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. गटातल्या दोघी-तिघी घाबरून मीटिंगला येईनाशा झाल्या. दुकान बंद झालं आणि काही महिन्यांनी गावाबाहेर चोरून सुरू झालं. बायकांना पुन्हा लढावं लागलं. पण त्या वेळी तिला एकटीला उभं राहावं लागलं नाही. त्या सभेतले सरपंच, ग्रामसेवक काय बोलले ते कुणाला आठवत नाही. तिचा प्रश्न मात्र पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ आहे!

तेव्हापासून आमच्या गटात मी बायकांना भाषण लिहून देणं बंद केलं. पाठ केलेलं भाषण विसरलं की बाई कोसळते. त्याऐवजी आम्ही एकच गोष्ट करतो. तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न कोणता, तो घरच्या भाषेत सांगा. मग त्याच्या आधीचे दोन सोपे प्रश्न शोधा, ज्यांना सगळे हो म्हणतील. आणि विचारून झालं की गप्प बसायचं. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, पण उत्तर आपण द्यायचं नाही. सुरुवातीला बायकांना हे गप्प बसणंच जड जातं. हात थरथरतात, पदर चाचपला जातो. होईना का! शिवाय आम्ही एकीला एकटीला उभं करत नाही. दोघी शेजारी बसतात, एकजण विचारते आणि दुसरी लगेच हो म्हणायला तयार असते. घर सोडून जायचं नसेल तर सोबत हवीच.

आणि अजून एक. ज्या कामाबद्दल बोलायचं ते आधी थोडं तरी आपल्या हाताने केलेलं असावं. नळाबद्दल बोलायचं तर टाकीवर जाऊन पाहून यायचं. शाळेबद्दल बोलायचं तर एक दिवस शाळेत बसून यायचं. बाबांच्या कीर्तनाआधी झाडू होता, तो विसरायचा नाही.

२६ जानेवारीची ग्रामसभा आता महिन्यावर आली आहे. तुमच्या गावात नगरपरिषद असेल तर शाळेची पालकसभा असेल, वॉर्डातली बैठक असेल, महिला मंडळाचं हळदीकुंकू असेल. आजच एका कागदावर तुमचा प्रश्न लिहून काढा. शेजारणीला वाचून दाखवा. ती हसली तर तिलाच सोबत घ्या.